गाडीखालची राख

क्लच नसलेली गाडी अख्ख्या पवनीत आपल्या एकट्याकडेच आहे, असं बाबा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. लोक तिला "बिनगेरची गाडी" म्हणत आणि बाबा भेटेल त्याला थांबवून समजावत, की गेर असतात, फक्त ते आपले आपण बदलतात. आत लाल रंगाचं पातळ तेल असतं आणि सगळी करामत त्या तेलाची असते. ऐकणारा मान हलवून निघून जाई. बाबांना वाटे, त्याला समजलं.

ही गाडी घ्यावी लागली ती बाबांच्या डाव्या पायामुळे. काही वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारून गेला. हात परत आला, बोलणं परत आलं, पाय मात्र अर्धामुर्धाच आला. चालता येई, पण क्लच दाबून धरण्याइतका जोर त्यात राहिला नाही. आमचं घराणं विणकरांचं. आजोबांपर्यंत घरात हातमाग चालत होते. बाबांनी पुढे कापडाचं दुकान काढलं आणि स्कूटरवर गठ्ठे बांधून गावोगावच्या बाजारांत लुगडी विकली. घरात बसणं या माणसाला कधी माहीतच नव्हतं. लकव्यानंतरचे ते महिने बाबा ओसरीतल्या खुर्चीवर बसून रस्त्याकडे असे काही बघत राहत, की आईला घरात वावरणं जड जाई. शेवटी माझ्या धाकट्या भावानं, तो पुण्याला असतो, नागपुरातून ही जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून काढली. "हिला एक पाय पुरतो," म्हणाला. बाबा पुन्हा माणसात आले.

मी शहापूरला राहते, तिथेच शाळेत शिकवते. पवनीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून हायवेनं शहापूर, हा बाबांचा ठरलेला रस्ता झाला. गाडीत मागच्या सीटवर सिंगाड्यांची पिशवी, नाहीतर लाखोरीची डाळ, नाहीतर आईनं बांधून दिलेलं काहीतरी. यायचे, चहा घ्यायचे, माझ्या फाटकाची कडी कशी चुकीची बसवली आहे ते सांगायचे आणि उजेड आहे तोवर परत निघायचे. "मी जाऊन येतो," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मोरीपर्यंत जायला ज्याला आईचा खांदा लागला होता, तो माणूस हे वाक्य बोलायचा तेव्हा ते ऐकण्यासारखं असे.

मला मात्र धाक वाटायचा. हायवेवर ट्रक कसे चालतात ते मी रोज बघते. त्यात माझ्या नाकावर राग. बाबा न सांगता येऊन उभे राहिले की मी आधी दहा गोष्टी सुनावायची आणि मग चहा ठेवायची. भाऊ फोनवरून त्यात आपली भर घालायचा. बाबा ऐकून घेत आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच येत.

दिवाळी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी बाबा आले, ते नेहमीपेक्षा बरेच उशिरा. शर्टाला घाम, तोंड उतरलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "गाडी जरा दमून राहिली आज."

"दमून राहिली म्हणजे?"

"रेस घेते, पण वढत नाई. भंडाऱ्याच्या पुढं बाजूले उभी केली. थंडी झाली तं चालली."

भंडाऱ्याच्या पुढे म्हणजे हायवेवर. माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते सांगत नाही. भावानं गाडीबद्दलचे कितीतरी व्हिडिओ मला पाठवून ठेवले होते, म्हणून एवढं माहीत होतं, की इंजिनाच्या तेलासारखी गेरबॉक्सच्या तेलाचीही वेगळी पट्टी असते. गाडी चालू ठेवून ती पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल अगदी टोकाला तेवढं चिकटलेलं, आणि लाल कुठलं, काळ्या चहासारखं. तेल कमी होतं याचा अर्थ ते कुठेतरी गळत होतं. शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून भंडाऱ्याला जाऊन तेल आणलं, लांब नळीच्या नरसाळ्यानं पट्टीच्या नळीतून ओतलं आणि बाबांना पवनीला सोडायला मीच गाडी चालवत निघाले. बाबा डावीकडे बसले.

घरी पोचल्यावर भावाला स्पीकरवर फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो काही दुष्ट नाही. गाडी त्यानंच घेऊन दिली होती. पण घाबरला की त्याचा आवाज साहेबासारखा होतो. "हे बघा, बारीकसारीक काही असेल तर संक्रांतीच्या आत करून टाका," तो म्हणाला. "मोठी गळती निघाली तर मात्र विकायची. मग मला कोणी काही सांगायचं नाही. बाबा, तुमच्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?"

"गाडी कोन मांगते रे?" बाबा म्हणाले. "मले जाणं पायजे. गाडी नाई तं मी कसा जाऊ?"

आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिनं त्या फोनमधलं नेमकं काय ऐकलं ते मला फार नंतर कळलं.

पवनीतल्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी गाडी आली तेव्हाच हात वर केले होते. बिनगेरच्या गाडीला हात लावणार नाही, नागपूरला न्या, म्हणाले. नागपूरला नेलं की पहिल्यांदा मोठा आकडा ऐकू येणार आणि तो भावाच्या कानावर जाणार, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी ठरवून टाकलं, की गळती आपणच शोधायची. "माग खोलले, माग जोडले. हे काय त्याहून कठीण हाये?" मीही पदर खोचला. म्हणजे ओढणी.

गळती शोधायची पहिली पायरी सोपी असते. संध्याकाळी गाडी उभी केली की तिच्याखाली पांढरा पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी ठिपका कुठे पडला ते बघायचं. ठिपक्याच्या वर जे असेल तिथे गळती. घरात दुकानाच्या काळातले साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे माळ्यावर पडलेले होते, एका बाजूनं पांढरेशुभ्र. मी दोन दिवसांची रजा जोडून राहायलाच आले होते. शनिवारी संध्याकाळी गाडीच्या पुढच्या भागाखाली मोठा पुठ्ठा सरकवला. सकाळी काढून पाहिला तर कोराच्या कोरा.

बाबांचा चेहरा उजळला. "पाय, गळत नाई. उगाच भेवलो आपुन."

पण पट्टी काढून पाहिली तर तेल भरलं होतं त्यापेक्षा कमी. पुन्हा संध्याकाळी पुठ्ठा घातला, पुन्हा सकाळी कोरा. मी भावाला फोन केला, त्यानं व्हिडिओ बघून सांगितलं, की कधीकधी तेल रेडिएटरच्या पाण्यात जातं, पाण्यावर गुलाबी साय येते. रेडिएटर पाहिला, पाणी स्वच्छ. तेल जमिनीवर नाही, पाण्यात नाही, मग जातं कुठे? बाबा ओसरीत बसून विचार करत होते आणि आई नेहमीपेक्षा जास्त वेळा चहा विचारत होती.

आमचं अंगण मातीचं आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी सिमेंटचे गट्टू बसवले, भाऊही किती वर्षं मागे लागला होता, पण आई ऐकत नाही. "गट्टूवर कायचा सडा?" असं तिचं म्हणणं. रोज पहाटे, घरातलं कोणी उठायच्या आधी, ती अंगण झाडते, शेणाच्या पाण्याचा सडा टाकते आणि दारापुढे रांगोळी काढते. मी जन्मले तेव्हापासून हे असंच चाललं आहे, त्यामुळे त्याकडे बघायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या पहाटे मला आपोआप जाग आली. खराट्याचा आवाज येत होता. चहा ठेवावा म्हणून उठले आणि खिडकीतून सहज बाहेर पाहिलं. आई गाडीपाशी ओणवी होऊन माझा पुठ्ठा बाहेर ओढत होती. पुठ्ठ्यावर वाटीएवढा लालसर डाग होता. तिनं तो घडी करून पाणी तापवायच्या चुलीत कोंबला. मग टोपलीतली राख घेतली, गाडीखाली हात घालून जमिनीवर पसरली, खराट्यानं ओढून घेतली, वरून शेणाचं पाणी शिंपडलं. आणि ओसरीतून दुसरा नवा पुठ्ठा आणून जिथल्या तिथे सरकवला. सगळं इतक्या सराईतपणे, की ही काही तीन दिवसांची सवय नव्हती.

मी बाहेर गेले. मला बघून ती दचकली आणि आधी तोंडावर बोट ठेवलं.

"हे काय करतेस आई?"

"हळू बोल वं. ते उठतीन."

"कधीपासून गळते आहे?"

तिनं राखेची टोपली खाली ठेवली. "पोळ्यापासून."

पोळा म्हणजे श्रावणाची अमावस्या. तेव्हापासून दसरा गेला, दिवाळी गेली. तेवढे सगळे दिवस बाबा हायवेनं येत-जात होते आणि ही पहाटे उठून राख टाकत होती. माझा पारा चढला. हळू बोलायचं राहिलं बाजूला. "सांगितलं का नाहीस? रस्त्यात बंद पडली असती म्हणजे?"

"सांगतलं असतं तं तुमी गाडी इकली असती," ती म्हणाली. "तुमाले नुसतं कारन पायजे होतं. दर खेपेले तेच बोलता तुमी दोघं. अन मंग ते पुन्हा त्या खुर्चीत. मी पायलं हाये त्याइले त्या खुर्चीत, तुमी नाई पायलं."

"पण आता तर आम्ही दुरुस्त करायलाच बसलोय. पुठ्ठा का बदललास?"

"तो म्हणे ना फोनवर, गळती निघाली तं इकायची."

मोठी गळती निघाली तर, असं तो म्हणाला होता. तिनं एवढंच पकडलं होतं, की निघाली तर विकायची. म्हणून ती निघू द्यायची नाही. मी तिला सांगितलं, की डाग दिसला तरच कुठून गळतं ते कळेल आणि कळलं तरच बंद करता येईल. शाळेतल्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. "मंग इतके दिस..." एवढंच म्हणाली. सडा अर्धाच टाकलेला होता, तो तिनं पुरा केला.

"त्याइले सांगू नको," आत जाताना म्हणाली. मी मान हलवली.

बाबांना मी एवढंच म्हटलं, की पट्टीवर तेल कमी होतंय म्हणजे गळती आहेच, खालून बघावं लागेल. मग काम सुरू झालं. मला पुढच्या रविवारीच परत येता आलं. येताना भंडाऱ्याहून तेलाचे डबे आणि, पॅकिंग बदलावं लागलं तर असावी म्हणून, बुचाच्या लाकडाची पातळ शीट आणली. माडीवर मोडलेल्या मागाचे सागवानी खांब पडून होते, ते खाली उतरवून त्यांचा चढ केला आणि गाडीची पुढची चाकं त्यावर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. बाबांना खाली वाकता येत नव्हतं. ते पाटावर बसले, हातात टॉर्च घेऊन. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाप्पा! मास्तरीण गाडीखाली!" आईनं त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

गेरबॉक्सचा सगळा खालचा भाग तेल आणि धुळीनं माखलेला होता. डिझेलच्या फडक्यानं तो पुसून कोरडा केला. आता नव्यानं ओघळ कुठून येतो ते दिसायला पावडर मारायची होती. मी आईला हाक मारली. तिनं आपल्या फळीवरचा पावडरचा डबा आणून दिला, जत्रेला जाताना लावायची ती. काही न विचारता दिला. मी हातावर घेऊन फुंकरीनं ती सगळीकडे उडवली, गाडी थोडा वेळ चालू ठेवली, बंद केली आणि पुन्हा खाली गेले. पांढऱ्या पावडरीवर एक लालसर रेघ उतरत होती, अगदी सरळ. गेरबॉक्सच्या तळाला जी चपटी तेलाची थाळी असते, तिच्या मागच्या कोपऱ्यातून. थाळी आणि गेरबॉक्स यांच्यामधलं पॅकिंग फुटलं होतं. एवढंच.

"पॅकिंग हाये बाबा! नुसतं पॅकिंग!" मी खालून ओरडले.

"मंग! मी काय म्हणत होतो!" बाबांनी टॉर्च हवेत हलवला. खरं तर ते असं काहीच म्हणत नव्हते. पण मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता, की मी होकार दिला.

तेल काढायला खाली घमेलं ठेवलं आणि थाळीचे बोल्ट एकेक करून सैल केले. थाळी एका बाजूनं कलली आणि तेल घमेल्यात आलं. नवीन भरलेलं होतं तरी काळपट. त्याला वास येत होता, भात खाली लागल्यावर येतो तसा. थाळी मोकळी करून बाहेर घेतली. तळाशी काळा गाळ बसलेला होता, बोटानं उचलला तर त्यात बारीक चमकणारी कणी आणि कसले तरी काळे तुकडे. व्हिडिओत मी हे पाहिलेलं होतं. तेल कमी असताना गाडी चालत राहिली की आतल्या प्लेटी घासून जळतात, त्यांचा हा चुरा. मी थाळी बाबांच्या पुढे ठेवली. बाबांनी गाळ अंगठ्यावर घेऊन चोळला, नाकाशी नेला. बराच वेळ नाकाशी धरून बसले.

"पुसून घे," म्हणाले.

पॅकिंग त्यांनी स्वतः कापलं. शीट थाळीवर ठेवली, छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलके ठोके देत गेले, की खालच्या धातूची कड शीटवर उमटते. मग त्या खुणेवरून कात्रीनं कापलं, बोल्टांची भोकं पाडली. ते काम बघायला आईही येऊन बसली. बोल्ट आवळताना त्यांनी मला एकामागून एक आवळू दिले नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, सगळे थोडे थोडे. "तानी वढते तशी," म्हणाले. मागावर सगळे धागे एकसारखे ताणावे लागतात, नाहीतर कापडाला पोक येतो. मी मुकाट्यानं तसं केलं. नवीन तेल भरलं, गाडी चालू केली, गेरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवला, पट्टी पाहिली. संध्याकाळी पुठ्ठा घातला.

सोमवारी पहाटे आईनंच मला उठवलं. पुठ्ठा हातात घेऊन आली होती, दोन्ही हातांत धरून, पूजेचं ताट धरतात तसा. "पाय, खरंच कोरा हाये. मी हात नाई लावला." तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू मी लकव्यानंतर पाहिलं नव्हतं. मला त्या थाळीतला गाळ आठवत होता. तरी मीही हसले, कारण कोणास ठाऊक, चाललीही असती.

चहा झाल्यावर बाबा गाडीत बसले. पांढरा सदरा घातला होता. आईनं फाटक उघडलं. अंगणात गाडी नीट पुढे आली, फाटकाबाहेर पडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर जायला थोडा चढ आहे, सायकलवाला उतरतही नाही एवढाच. गाडी चढाला लागली आणि इंजिनाचा आवाज वाढला. वाढतच गेला. गाडी जागची हलेना. बाबांनी पाय काढला, मागे घेतली, पुन्हा वेग घेऊन आले. अर्ध्या चढावर आली आणि तशीच उभी. इंजिन ओरडत होतं. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तिसऱ्यांदा बाबांनी प्रयत्न केला तेव्हा गाडी हळूहळू आपली आपण मागे यायला लागली. त्यांनी ब्रेक दाबला, चावी फिरवली आणि आवाज बंद झाला.

ते लगेच उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर रस्त्याकडे बघत बसले. गळती बंद झाली होती. थेंबभरही तेल गळत नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी मागून गाडी ढकलायला लागले, माणसं मदतीला आली. आई फाटकाला धरून उभी होती. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मला माहीत होतं, आणि ते मला एकटीलाच माहीत आहे असं मला वाटत होतं.

नंतर भावानंच नागपूरच्या एका वर्कशॉपला विचारलं. आतलं सगळं जळलं आहे, बरेच दिवस कमी तेलावर चालवली असणार, आता काम करण्यात अर्थ नाही, असं त्यांनी कळवलं. वेळेवर तेल भरत राहिलं असतं तर पॅकिंग बदलून गाडी आणखी किती वर्षं चालली असती, असंही म्हणाले. भाऊ मला हे सांगताना साहेबासारखा बोलत नव्हता. सुट्या भागांसाठी एकानं गाडी नेली. टेम्पोवर चढवताना बाबांनी स्वतः फाटक उघडून दिलं, काचेवरची धूळ रुमालानं पुसली आणि आत गेले. दुसरी तशीच गाडी घेऊ, असं भाऊ म्हणाला. बाबा नको म्हणाले. एकदा नको म्हणाले, की तो विषय त्यांच्यासाठी संपतो.

त्यानंतरचा हिवाळा बाबांनी लोकांना विचारण्यात काढला. भंडाऱ्याला कोण जाणार आहे, जागा आहे का, परत कधी येणार. "तुमाले टाइम असन तं," अशी सुरुवात करायचे. मी त्यांच्या तोंडून हे शब्द आधी कधी ऐकले नव्हते. ते फोनवर असं कोणाला विचारायला लागले, की आई उठून आत जायची. करडीला त्यांची थोरली बहीण आहे, तिच्याकडे जायचं होतं, ते दोनदा ठरून राहून गेलं, कारण नेणाऱ्याला दुसरं काम निघालं. मला फोन करून म्हणायचे, "काई काम नाई. सहजच केला." काम असायचं. मला समजायचं. पण शाळा सोडून दर वेळी कुठे जाता येतं?

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी शाळेतल्या एका बाईंची गाडी मागून घेऊन त्यांना आणायला गेले, शहापूरला दोन दिवस ठेवून घ्यायला. आई आली नाही, घर कोण बघेल म्हणाली. निघताना ती बाबांच्या समोर येईना. डबा माझ्याच हातात दिला. तिचं ते तोंड चुकवणं मला बघवेना. भंडाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी ठरवलं, की आता सांगून टाकायचं. आईला दिलेला शब्द मोडला तरी चालेल, पण तिनं वाईट हेतूनं काही केलं नाही हे यांना कळू दे.

"बाबा, तेल पोळ्यापासूनच गळत होतं," मी म्हणाले. "आई रोज सकाळी राख टाकून पुसत होती. तुमची गाडी जाऊ नये म्हणून. तिला कळलं नाही."

बाबा बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या मोकळ्या बांध्या होत्या.

"माहीत हाये मले," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पोळ्यापासूनच. मी काय आंधळा हावो? सडा वाळला का तेवढी जागा अलगच दिसे. गाडीत बसताना रोज पाये मी." मग म्हणाले, "तिनं टाकली नसती तं राख मीच टाकली असती."

मी गाडी बाजूला घेतली. "मग बोलला का नाही? नुसतं तेल भरत राहिलो असतो तरी गाडी वाचली असती."

"कोनाले बोलू? गावात तेलाचं विचारलं असतं तं सांजेपर्यंत तुमाले फोन आला असता. अन तुले सांगतलं असतं तं तू काय म्हटलं असतं?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बाबा, आता येणं बंद करा. त्याच दिवशी म्हटलं असतं.

"म्हणून दर वेळी मी म्हणे, एवढी एक खेप होऊ दे. मंग सांगू पोरीले." ते माझ्याकडे बघून थोडंसं हसले, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. "अशा किती खेपा झाल्या."

त्या सगळ्या खेपा माझ्या घरच्या होत्या. सिंगाड्यांची पिशवी घेऊन यायचं, एक कप चहा घ्यायचा, माझी बोलणी खायची आणि परत जायचं, एवढ्यासाठी आई पहाटे राख टाकत होती आणि बाबा ती बघून न बघितल्यासारखं करत होते. आई बाबांपासून लपवत होती असं मला वाटत होतं. ते दोघं आमच्यापासून लपवत होते. बाबांच्या हातावर हात ठेवून मला म्हणायचं होतं, की या बाबा, कधीही या, न सांगता या. पण आता त्यांना आपलं आपण कुठेही येता येणार नव्हतं.